‘आढळले नाही’ : भोर-वेल्ह्याच्या पाण्यावरून सूक्ष्मजीवशास्त्राच्या व्यवसायाचा आढावा

प्रश्न कुठला

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व्हायचे तर काय यायला हवे, या प्रश्नाची बारावीनंतरच्या मार्गदर्शन शिबिरांतली उत्तरे ठरलेली असतात: चिकाटी, स्वच्छता, बारीक नजर, इंग्रजी, संगणक. उत्तरे खोटी नाहीत, पण ती प्रयोगशाळेतल्या कुठल्याही कामाला चालतील इतकी ढिली आहेत. खुद्द व्यवसायात गेली काही वर्षे जे वाद चालू आहेत ते याहून नेमके आहेत. पेट्री डिशवर जिवाणू वाढवून ओळखण्याची जुनी हातोटी अजून किती शिकवायची? जनुकीय चाचण्या स्वस्त होत असताना तिच्यासाठी वर्षे घालवावीत का? गावातल्या महिलेच्या हाती चाचणीचे किट दिल्यावर पदवीधराकडे कोणते काम उरते? आणि अहवालावर सही कोणाची? या सगळ्या वादांचा पुढे क्रमाने आढावा घेतला आहे. त्यासाठी भोर आणि वेल्हे हे दोन तालुके समोर ठेवले आहेत. यातल्या वेल्ह्याचे नाव आता राजगड झाले आहे, तरी बोलण्यात वेल्हेच आहे. प्रयोगशाळा शेजारच्या इमारतीत असते तेव्हा या व्यवसायातल्या बऱ्याच त्रुटी झाकल्या जातात. ती डोंगराच्या पलीकडे असली की एकेक कौशल्य सुटे दिसू लागते.

पाण्याच्या बाबतीत हे तालुके एकाच वेळी श्रीमंत आणि गरीब आहेत. वेळवंडीवरचे भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले आणि बारामती, इंदापूर, फलटणकडच्या शेतीला नीरेच्या कालव्यांचे पाणी मिळाले. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणे झाली. पानशेत-वरसगावचे पाणी खडकवासल्यात उतरते आणि पुणे शहर त्यावर जगते. धरणांच्या वरच्या अंगाच्या वाड्यावस्त्या मात्र झरा, विहीर, हातपंप किंवा छोट्या नळयोजनेवर भागवतात आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हिर्डस मावळात किंवा कानद खोऱ्यात जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की डोंगरउतारावरचे सगळे विहिरीच्या दिशेने वाहते. आठवड्याभरात जुलाबाचे रुग्ण दिसू लागतात, आरोग्यसेवक बाटलीत नमुना घेतो, बाटली प्रयोगशाळेत जाते आणि काही दिवसांनी कागद परत येतो. कागदावर बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: ‘आढळले नाही’. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हे दोन शब्द कशाच्या बळावर लिहिता येतात आणि केव्हा लिहिता येत नाहीत, हे ओळखणे ही या व्यवसायाची गाभ्याची कसोटी आहे. हात, यंत्र, किट, कागद आणि पदवी यांवरचे वाद या कसोटीवर घासून पाहिले तर पुष्कळसे सुटतात. काही सुटत नाहीत.

मागे वळून

महाराष्ट्रात हा व्यवसाय साथीबरोबर आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उतरला, वाल्डेमार हाफकिन तिथे आले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. या इतिहासातले एक प्रकरण सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सविस्तर सांगायला हवे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन निलंबित झाले. तपशील तपासले गेले तेव्हा दिसले ते असे: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करताच तो बाटलीच्या बुचासाठी वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आणि इतरांनी बाजू लावून धरली. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडले.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली उघड आहे: पडलेला चिमटा ज्योतीत धरणे हे काही सेकंदांचे काम, आणि ते हाताला सवयीनेच सुचावे लागते; विचार करून सुचेपर्यंत उशीर झालेला असतो. दुसरी गोष्ट नोंदीची. बाटलीला क्रमांक होता, तिच्यातून कोणाकोणाला लस दिली हे माहीत होते, त्या दिवशी काय घडले ते सांगणारे लोक होते, म्हणून दोष परळहून मलकोवालच्या जमिनीपर्यंत माग काढत नेता आला. हात आणि कागद यांत श्रेष्ठ कोण, असा वाद आज रंगतो. या प्रकरणात एकाने घात केला आणि दुसऱ्याने सोडवले.

स्वातंत्र्यानंतर पुणे या शास्त्राचे मोठे केंद्र झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ मध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह सुरू झाला. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र आले. आपण ज्याला एनआयव्ही म्हणतो ते हेच. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट, आणि २००९ मध्ये राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा सूक्ष्मजीव संग्रह. यांतल्या प्रत्येक ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ या शब्दाचा अर्थ निराळा होता. पिंपरीत तो किण्वनाच्या टाकीतली बुरशी सांभाळणारा आणि तिच्याकडून अधिक औषध काढून घेणारा होता, एनआयव्हीत ताप आणि डास यांच्या मागे गावोगाव हिंडणारा. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पाणी तपासणी प्रयोगशाळा या घराण्यातली धाकटी पाती. पदके आणि बातम्या त्यांच्या वाट्याला फारशा येत नाहीत, आणि सामान्य माणसाच्या घशाखाली उतरणाऱ्या पाण्याचा निवाडा रोज त्याच करतात.

हाताची बाजू

पहिली भूमिका परंपरेची. तिचे म्हणणे असे की हे मूलतः हाताचे शास्त्र आहे आणि हात घडवायला वर्षे लागतात. ती किती रास्त आहे हे पाहायला एक बाटली जवळून पाहावी. पाण्याच्या नमुन्याची बाटली ऑटोक्लेव्हमधून १२१ अंशांवर निर्जंतुक करून घेतलेली असते आणि तिच्या तळाशी सोडियम थायोसल्फेटचे काही थेंब असतात. टीसीएल पावडर टाकलेल्या पाण्यातले क्लोरीन हे थेंब मारतात. थेंब नसतील तर क्लोरीन प्रवासभर काम करत राहते. नळाशी जिवंत असलेले जिवाणू पुण्यात पोहोचेपर्यंत मरतात आणि अहवाल निर्मळ येतो. नमुना घेणारा नळाचे तोंड ज्योतीने भाजतो, पाणी थोडा वेळ वाहू देतो, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू देत नाही, आणि बाटली काठोकाठ न भरता हलवायला जागा ठेवतो. मग बर्फाची पेटी. केळदसारख्या टोकाच्या गावातून वेल्हे, मार्गासनी, नसरापूर करत चेलाडी फाट्यावर यायचे, तिथून महामार्गाने कात्रजकडे. चोवीस तासांच्या आत, शक्य तर त्याच्या पुष्कळ आधी, नमुना तपासायला लागला पाहिजे. वाटेत बर्फ वितळले तर गढूळ पाण्यातले जिवाणू वाढू शकतात आणि स्वच्छ पाण्यातले मरू शकतात. चूक दोन्ही दिशांना होते, म्हणून ती अंदाजाने दुरुस्तही करता येत नाही.

प्रयोगशाळेत १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या पातळ गाळणीतून ओढले जाते. ज्योतीत धरून निववलेल्या चिमट्याने ती गाळणी अगारवर पसरायची, खाली हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि डिश उलटी करून इनक्युबेटरमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी वसाहती मोजायच्या. ईएमबी अगारवर विष्ठेच्या संसर्गाची खूण मानल्या जाणाऱ्या ई. कोलायच्या वसाहतीला हिरवट धातूसारखी झाक येते. पुस्तकातल्या छायाचित्रात ती ठसठशीत असते, प्रत्यक्षात मात्र डिश उजेडात तिरपी धरावी तेव्हा कुठे ती नजरेस पडते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये. म्हणजे एक वसाहत नजरेतून सुटली तरी निकाल उलटतो. परंपरेचे समर्थक म्हणतात की असा डोळा व्हिडिओ पाहून तयार होत नाही, आणि महाविद्यालयांत प्रात्यक्षिकांचे तास गटागटाने उरकले जात असतील तर पदवी हातात येते, हात मात्र तयार होत नाही.

या भूमिकेवरचा आक्षेपही वजनदार आहे. नजर माणसागणिक बदलते. संध्याकाळी थकलेला डोळा सकाळच्या डोळ्यापेक्षा वेगळे मोजतो. शिवाय प्रयोगशाळेत वाढवता येतात असे जिवाणू निसर्गातल्या जिवाणूंचा लहानसा हिस्सा आहेत. बाकीचे अगारवर उगवतच नाहीत. जे उगवत नाही ते कितीही तयार हाताला दिसणार नाही.

यंत्राची बाजू

दुसरी भूमिका इथून सुरू होते. पीसीआर नमुन्यातला जनुकीय तुकडा काही तासांत ओळखते. मॅल्डी-टॉफ यंत्र वसाहतीतल्या प्रथिनांच्या ठशावरून काही मिनिटांत नाव सांगते. जनुकक्रम वाचला की साथ कुठून कुठे गेली याचा माग लागतो. त्यामुळे नव्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला संख्याशास्त्र, संगणकी विश्लेषण आणि थोडेफार प्रोग्रॅमिंग यायलाच हवे, असे ही बाजू सांगते. पुरावा दूर शोधायला नको. भोरला लागूनच असलेल्या पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात जुलै २०२१ मध्ये तापाची साथ आली. रुग्णांत चिकुनगुन्या निघाला, आणि एका महिलेच्या नमुन्यात एनआयव्हीला झिका सापडला. महाराष्ट्रातला तो पहिला रुग्ण. झिकाची लक्षणे डेंग्यू-चिकुनगुन्यात मिसळून जातात. रेण्वीय चाचणी नसती तर तो त्याच साथीच्या आकड्यांत विरघळून गेला असता. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे मार्च २०२० मध्ये घेतलेले नमुने तपासून त्यांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे दाखवणारे कामही याच संस्थेचे. त्या कामात गुहेत उतरण्यापासून प्रयोगशाळेच्या कडक सुरक्षाकवचापर्यंत दोन्ही टोकांची कौशल्ये लागली.

मात्र बेलसरचे उदाहरण दुसऱ्या अंगानेही वाचता येते. पीसीआर विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. चिकुनगुन्या सापडल्यावर तिथेच न थांबता झिकाचाही प्रश्न विचारावा, हे यंत्राला सुचत नाही. ते कोणाला तरी सुचावे लागते. दुसरी मर्यादा उलट दिशेची: पीसीआरला मेलेल्या जिवाणूचा जनुकही सापडतो. विहिरीत टीसीएल टाकल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात तो ‘आढळला’ तरी पाणी आज धोक्याचे आहे असे ठरत नाही. मॅल्डी-टॉफ नाव सांगते ते त्याच्या संग्रहातल्या ठशांशी जुळवून, आणि तो संग्रह कोणीतरी आधी हाताने वाढवलेल्या, शुद्ध केलेल्या जिवाणूंवरूनच बनलेला असतो. जिवंत कल्चर जपून ठेवले असेल तर पाच वर्षांनी नवा प्रश्न घेऊन त्याच्याकडे परत जाता येते. पुण्यातल्या संग्रहांचे मोल इथे आहे. तेव्हा हात विरुद्ध यंत्र हा वाद वाटतो तितका खरा नाही. दोन्ही पद्धतींना आपापले आंधळे कोपरे आहेत, आणि कोणता कोपरा कुठे आहे हे ज्याला ठाऊक त्यालाच ‘आढळले नाही’ लिहिण्याचा अधिकार.

किटची बाजू

तिसरी भूमिका व्यवसायाच्या बाहेरून आली आणि तिने व्यवसायाला सर्वांत अस्वस्थ केले. जलजीवन मिशनने गावागावांत पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण देण्याचे ठरवले. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक त्याआधीपासून होतेच, आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर स्रोतांची स्वच्छता पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धतही. जिवाणूंसाठीच्या किटमध्ये मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडची बाटली असते. ही युक्ती भारतीय आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी ती १९८२ मध्ये मांडली. बाटलीत लोह आणि गंधकाची संयुगे शोषलेली कागदाची पट्टी असते. विष्ठेशी संबंधित बरेच जिवाणू वाढताना हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि पाणी काळे होते. वीज नको, इनक्युबेटर नको, पुण्याचा रस्ताही नको.

समर्थकांचा युक्तिवाद साधा आणि भक्कम आहे. वर्षातून दोनदा होणाऱ्या काटेकोर तपासणीपेक्षा आठवड्याला होणारी ढोबळ तपासणी साथ लवकर पकडते. घरी परतताना विहिरीवरून जाणाऱ्या बाईला तिची विहीर कधी गढूळ होते ते माहीत असते. प्रयोगशाळेतल्या कोणालाही ते माहीत नसते. शंका घेणारेही पोकळ बोलत नाहीत. मूळ चाचणीत २० मिलिलिटर पाणी लागते आणि मानक १०० मिलिलिटरचे आहे. १०० मिलिलिटरमध्ये सरासरी एकच जिवाणू असेल तर २० मिलिलिटरची बाटली पाचपैकी चार वेळा पांढरीच राहणार. उलट, काही भूजलात गंधकाची संयुगे मुळातच असतात, तिथे जिवाणूंशिवायही रंग बदलू शकतो. आणि ही चाचणी ई. कोलाय दाखवत नाही. ती हायड्रोजन सल्फाइड सोडणारे जिवाणू दाखवते. दोन याद्या बऱ्याच जुळतात, पूर्ण जुळत नाहीत.

दुधाच्या धंद्यात ही वाटणी फार आधी झाली, आणि तिथून शिकण्यासारखे आहे. भोर तालुक्यातले दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफवर मोजले जाते. डेअरीत मिथिलिन ब्लू टाकून निळा रंग किती वेळात उडतो ते पाहतात. अर्ध्या तासात उडाला तर दूध खराब, पाच तास टिकला तर उत्तम. ही चाचणी कोणता जिवाणू आहे ते सांगत नाही, आणि सांगते असा दावाही कोणी करत नाही. तिच्यावर दूध घ्यायचे की परत करायचे एवढेच ठरते. रोगकारक जिवाणूचा प्रश्न आला की नमुना वर जातो. चाचणी कोणत्या निर्णयासाठी आहे हे आधी ठरलेले असल्यामुळे तिथे भांडण नाही. पाण्याच्या किटबाबत हे ठरवणे कोणाचे काम, हे मात्र स्पष्ट नाही. माझ्या मते ते सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचेच काम आहे. किटमुळे त्याचे काम कमी होत नाही. बाटली काळी झाली तर काय करायचे, पांढरी राहिली तर कशाची खात्री धरायची आणि कशाची नाही, हे किट वापरणाऱ्या महिलेला तिच्या भाषेत समजावून सांगता येणे हे कौशल्य त्यात नव्याने भरती झाले आहे. अभ्यासक्रमात ते सहसा दिसत नाही.

कागद आणि सही

दर्जाची एनएबीएल मान्यता आली तशी प्रयोगशाळांत कागदाची सत्ता वाढली. इनक्युबेटरचे तापमान दिवसातून ठरल्या वेळी नोंदवायचे, प्रत्येक अगारच्या लॉटबरोबर ओळखीचा जिवाणू आणि कोरी डिश लावायची, मोजमापातली अनिश्चितता लिहायची. हातावर भर देणारे लोक कुरकुरतात की तरुण कामगारांचा अर्धा दिवस रजिस्टरात जातो. कुरकुरीत तथ्य आहे, पण मलकोवालची बाटली आठवावी. कोरी डिश लावली नाही तर ‘आढळले’ खोटे ठरू शकते आणि ओळखीच्या जिवाणूची डिश लावली नाही तर ‘आढळले नाही’ खोटे ठरू शकते. नोंद हा त्या दोन शब्दांचा आधारच आहे. धोका वेगळा आहे: तपासणीच्या आदल्या रात्री महिनाभराचे तापमान एका शाईने भरण्याचा. बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यांत भारतीय मानकानुसार स्वतःची प्रयोगशाळा आणि पात्र सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असणे वर्षानुवर्षे बंधनकारक होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या मानकचिन्हाची सक्ती उठली आणि पुढे हे पाणी अन्नसुरक्षेच्या अतिजोखमीच्या गटात गेले. अनेक तरुणांची पहिली नोकरी अशा कारखान्यात लागते. तिथे मालकाला नको असलेला निकाल लिहिण्याची हिंमत हेही कौशल्यच, पण मुलाखतीत त्याची परीक्षा होत नाही.

सहीचा वाद मुख्यतः वैद्यकीय प्रयोगशाळांचा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाच्या अहवालावर पदव्युत्तर पात्रतेच्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी ही भूमिका मान्य केली. डॉक्टरांचा युक्तिवाद असा की अहवाल म्हणजे रुग्णाविषयीचे मत, आणि मत देणाऱ्याला रुग्ण कळायला हवा. एम.एस्सी., पीएच.डी. झालेल्यांचे म्हणणे असे की प्रत्यक्ष काम तेच करतात, तपासणीचे बारकावे त्यांना अधिक ठाऊक असतात, आणि छोट्या गावांत असा डॉक्टर मिळतच नाही. फेब्रुवारी २०२० च्या नियमदुरुस्तीने त्यांना काही अटींवर, निकालावर मत न नोंदवता, सहीची वाट दिली. २०२० मध्येच वैद्यकीय महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत बिगरडॉक्टर अध्यापकांचा वाटा काढून टाकला गेला, आणि २०२५ च्या नियमांनी तो पुन्हा दिला. दरम्यान २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याच्या अनुसूचीत बिगरवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला स्थान मिळाले. हा हेलकावा पाहिला की एक गोष्ट नजरेत भरते. निकाल आणि मत वेगळे काढता येतात, असे तडजोडीने गृहीत धरले आहे. पाण्याच्या नमुन्यापुरते तरी ते अवघड आहे. बर्फ वितळलेल्या पेटीतून आलेल्या बाटलीवर ‘आढळले नाही’ लिहायचे की नमुना नाकारायचा, हा निर्णय मत नाही तर काय?

२०२५ ची कसोटी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि थोड्याच आठवड्यांत संशयितांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. हा भाग खडकवासल्याच्या खाली येतो, म्हणजे वेल्ह्याच्या डोंगरांतून उतरणाऱ्या पाण्याच्या वाटेवर. पण संशयाची सुई मूळ धरणांपेक्षा अलीकडच्या विहिरी, वितरण आणि खासगी आरओ प्रकल्पांकडे वळली. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत एनआयव्हीला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले. पाणी की कच्चे राहिलेले चिकन, यावर बराच काळ चर्चा चालली.

वर मांडलेले सगळे वाद या एका घटनेत एकत्र आले. कॅम्पिलोबॅक्टरला कमी प्राणवायूचे वातावरण आणि ४२ अंशांच्या आसपासचे तापमान लागते. नेहमीच्या पाणी प्रयोगशाळेतल्या अगारवर तो उगवत नाही, आणि थंड पाण्यात तो जिवंत असूनही न वाढणाऱ्या अवस्थेत जातो. कोलिफॉर्मची चाचणी त्याच्यासाठी नाहीच; ती विष्ठेच्या संसर्गाची खूण शोधते. शिवाय गियाँ-बारे हा आजार मूळ संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी हातपायांत उतरतो. रुग्ण रुग्णालयात येईपर्यंत विहिरीचे पाणी बदललेले असते, तिच्यात क्लोरीन टाकलेले असते. तेव्हा घेतलेल्या नमुन्यात ‘आढळले नाही’ आले तर त्याचा अर्थ पाणी निर्दोष होते असा होत नाही. पीसीआर इथे कल्चरच्या पुढे गेली, हे यंत्रवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण कल्चर नसेल तर तो जिवाणू कोणत्या प्रतिजैविकाला दाद देतो आणि रुग्ण, कोंबडी, पाणी यांतले जिवाणू एकाच वंशाचे आहेत का, हे नीट जुळवणे कठीण होते. हे हातवाल्यांचे म्हणणेही तितकेच बरोबर आहे.

यावर कोणी म्हणेल की हे साथरोगशास्त्राचे काम. नमुना केव्हा, कुठून घ्यायचा ते त्यांनी ठरवावे आणि प्रयोगशाळेने आलेली बाटली तपासावी. कामाची वाटणी म्हणून हे ठीक आहे. पण पोटातून गेलेला जिवाणू शौचात किती दिवस सापडतो, पाण्यात किती तास टिकतो, क्लोरीनने किती लवकर मरतो, हे ज्ञान सूक्ष्मजीवशास्त्राचे आहे. ते नमुना घेण्याआधी उपयोगी पडले नाही तर नंतर कितीही चांगले यंत्र असले तरी उपयोग नाही. दुसरा आक्षेप असा की निर्णयाला इतके महत्त्व दिले तर प्रत्येक जण आपापल्या मर्जीने वागेल, त्यापेक्षा लिखित कार्यपद्धती सुरक्षित. आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो: रोजच्या शंभर नमुन्यांना कार्यपद्धतीच हवी. पण कार्यपद्धती कालच्या साथीवरून लिहिलेली असते. तिच्यात न बसणारा एकशेएकावा नमुना ओळखायला तीच कार्यपद्धती शिकवू शकत नाही.

न सुटलेले

सर्वांत मोठा प्रश्न वेळेचा. जिवाणूंसाठी वर्षातून दोन तपासण्या, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, ही सध्याची चौकट आहे. डोंगरी तालुक्यात सर्वांत धोक्याचे दिवस या दोन्हींच्या मधे येतात. त्या दिवसांत ओढ्याला पूर असतो, एसटी बंद असते आणि बाटली पुण्याला जाऊ शकत नाही. फिरती प्रयोगशाळा, तालुक्याच्या गावी जिवाणूंच्या तपासणीची सोय, किटचा जास्त वापर, असे पर्याय चर्चेत असतात. यांतला कोणता डोंगरात टिकेल याचा भक्कम पुरावा अजून जमलेला नाही. दुसरा प्रश्न निर्देशक जिवाणूचा. ई. कोलायवर भिस्त ठेवणे स्वस्त आणि बहुतांशी पुरेसे आहे, पण २०२५ नंतर ‘बहुतांशी’ या शब्दाकडे दुर्लक्ष करता येत नाही. पशुधनाकडून माणसाकडे येणाऱ्या जिवाणूंचा प्रश्नही याला जोडूनच आहे. नीरेपलीकडे शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अलीकडे गोठे आणि कोंबड्यांची शेडे आहेत, आणि पाण्याची प्रयोगशाळा या दोघांपासून वेगळ्या खात्यात आहे. तिघांचे नमुने एका टेबलावर येण्याची रीत अजून बसलेली नाही.

आणि एक प्रश्न अगदी छोटा, पण कोणत्याही माहितीपुस्तिकेत समाधानकारक उत्तर न सापडणारा. काळी होणारी बाटली साधारण ३० ते ३७ अंशांत ठेवून चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी वाचायची असते. जुलैत मढे घाटाच्या माथ्यावरच्या घरात दिवसभर ढग असतात, भिंती ओल्या असतात, आणि बाटली फडताळात ठेवली तर जिवाणू सावकाश वाढतात. ती चुलीशेजारी ठेवायची का, किती अंतरावर, आणि अठ्ठेचाळीस तासांनी पांढरीच दिसली तर अजून एक दिवस थांबायचे की वहीत ‘आढळले नाही’ लिहून मोकळे व्हायचे, हे त्या घरातल्या बाईला आज तिच्या अंदाजानेच ठरवावे लागते.